चेनमध्ये अडकलेलं घर सोडावं का?

पत्र थोडक्यात असं. बाई लंडनच्या पश्चिमेला राहतात, वय ३६. नवरा-बायको दोघंही नोकरी करतात, मुलगी चार वर्षांची. दोन बेडरूमचा लीजहोल्ड (लांब मुदतीच्या भाडेपट्ट्यावरचा) फ्लॅट विकून पंचवीसेक मैलांवरच्या गावात तीन बेडरूमचं सेमी-डिटॅच्ड (एका बाजूने शेजाऱ्याला जोडलेलं) घर घ्यायचं त्यांनी ठरवलं. यंदाच्या जानेवारीत ऑफर मान्य झाली, त्याच सुमारास फ्लॅटलाही गिऱ्हाईक मिळालं: आयुष्यातलं पहिलंच घर घेणारं एक तरुण जोडपं. सेमीच्या मालकीणबाई ऐंशीच्या घरातल्या, एकट्या. त्या मुलाच्या जवळ एक बैठा बंगलो घेताहेत. त्या बंगलोच्या मालकाचं निधन झालंय, वारस विकताहेत आणि प्रोबेट (मृत्युपत्राला मिळणारी कायदेशीर मंजुरी) अजून आलेलं नाही. तीन घरं, चार कुटुंबं, आणि सगळे एकमेकांत अडकलेले. यालाच इथे ‘चेन’ म्हणतात.

गृहप्रवेश अक्षय्य तृतीयेला करायचा होता, ती गेली. मग धोंड्याचा महिना लागला. आता १६ जुलैला सासू-सासरे नाशिकहून येताहेत. तिकिटं काढलेली, कारण २५ जुलैच्या आषाढी एकादशीआधी वास्तुशांत उरकायची, मग चातुर्मास. सासूबाई फोनवर म्हणतात, ‘एवढी विघ्नं येताहेत म्हणजे त्या वास्तूचा योग नाही.’ मुलीची शाळा सप्टेंबरला सुरू होणार, मॉर्गेज ऑफर (बँकेचं गृहकर्जाचं मंजुरीपत्र) ऑगस्टअखेर संपणार, आणि हॉलमध्ये मे महिन्यापासून खोकी रचून ठेवलेली. बाई लिहितात: ‘आम्ही सगळं वेळेवर केलं. फक्त आमच्या फ्लॅटच्या मॅनेजिंग एजंटकडून कागद यायला दोन महिने लागले, तेवढंच. त्या आजींना कसलीच घाई नाही, मुद्दाम लांबवताहेत असं वाटतं. नवरा म्हणतो सोडून देऊ, बिल्डरचं नवं घर बघू. मी रोज एजंटला फोन करते आणि रोज रात्री आमचं भांडण होतं. ताई, सोडावं का?’

*

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पत्र लांब आहे, पण त्यात घर फार कमी आहे. एकादशी आहे, तिकिटं आहेत, शाळा आहे, खोकी आहेत. घराबद्दल एकच वाक्य सापडलं: मागच्या बागेतल्या नाशपातीच्या झाडाला तुमच्या लेकीने पहिल्याच भेटीत मिठी मारली होती, आणि ‘तेव्हाच आमचं ठरलं’. सहा महिन्यांच्या वैतागातही ते वाक्य तुम्ही लिहिलंत. तेव्हा घर नकोसं झालंय असं मला तरी वाटत नाही. नकोशी झालीय ती वाट बघणं.

पण वाट कशाची बघताय? जुलैच्या मध्याला घर ताब्यात यायचं, ही तारीख तुम्हाला दिली कोणी? एजंट जानेवारीत ‘एप्रिलपर्यंत होऊन जाईल’ म्हणाला असेल. तो अंदाज होता, आणि एजंटांचे अंदाज नेहमीच उजळ असतात. त्या अंदाजाला तुम्ही आधी अक्षय्य तृतीया बांधलीत, मग विमानाची तिकिटं, मग शाळा, मग घरातलं अर्धं सामान. आता कुठल्याशा रजिस्ट्रीत पडलेला एक अर्ज हलत नाही म्हणून तुमच्या घरातल्या पाच माणसांचं वेळापत्रक कोसळतंय. घर सोडायचं की नाही हे ठरवण्याआधी या गाठी सोडवा. त्या सुटल्या की प्रश्न फक्त घराचा उरेल, आणि तो तुम्हाला वाटतो त्यापेक्षा सोपा निघेल.

आधी इथली पद्धत, कारण आपली अर्धी चिडचिड आपल्याकडच्या सवयीतून येते. नाशिक-पुण्याकडे आपण टोकन देतो, इसारपावती करतो, हातात एक कागद असतो. इंग्लंड-वेल्समध्ये ऑफर मान्य होते तेव्हा एक पेनीही द्यावी लागत नाही आणि कोणी कोणाला बांधील नसतं. ती नुसती स्थळाची पसंती. याद्यांवर सह्या होतात त्या एक्सचेंजच्या, म्हणजे सही केलेल्या करारांच्या अदलाबदलीच्या, दिवशी: तेव्हा साधारण दहा टक्के डिपॉझिट जातं, कंप्लीशनची (पैसे पुरे देऊन चाव्या घेण्याची) तारीख करारात लिहिली जाते, आणि मग मागे फिरणाऱ्याला ते डिपॉझिट गमवावं लागू शकतं. चेन असली की सगळ्यांचं एक्सचेंज एकाच दिवशी, एकामागोमाग एक फोन करून होतं. एकाचा कागद कमी पडला तर सगळे थांबतात. (एडिंबरा-ग्लासगोच्या वाचकांनी हे आपल्याला लागू आहे असं समजू नये. स्कॉटलंडची पद्धत वेगळी आहे आणि तिथे करार बराच आधी पक्का होतो.) ही पद्धत धड नाही हे सरकारलाही कळतं. गेल्या ऑक्टोबरात, म्हणजे २०२५ मध्ये, सगळी माहिती विक्रीला काढतानाच द्यायची आणि सौदा लवकर बंधनकारक करायचा असे प्रस्ताव मांडले गेले. चांगलंच आहे, पण तुमच्या व्यवहाराला त्याचा उपयोग नाही.

आता त्या आजी. मुंबईत ज्यांनी मृत्युपत्राचं घर नावावर करून घेतलंय त्यांना प्रोबेट म्हणजे काय हे सांगायला नको. इथेही मालक वारला की वारस घर विक्रीला लावू शकतात, लोकांना दाखवू शकतात, ऑफर घेऊ शकतात, पण प्रोबेट हातात येईपर्यंत विक्री पुरी होत नाही. ते कधी येईल हे आजींच्या हातात नाही. त्यांच्या वकिलाच्या हातात नाही, आणि बहुधा त्या वारसांच्याही नाही. तुमचं घर लांबवून आजींचा काही फायदा होतो का, याचा जरा विचार करा. ऐंशीच्या घरातली एकटी बाई, मुलाजवळ राहायला जायचं ठरवलेली, आणि तिच्याही घरातलं सामान सहा महिने अर्धवट बांधलेलं. एजंटचंही तसंच. त्याचं कमिशन कंप्लीशनला मिळतं, म्हणजे त्याला तुमच्याइतकीच घाई आहे. या चेनमध्ये मुद्दाम लांबवणारं मला तरी कोणी दिसत नाही.

आणि ते ‘तेवढंच’ म्हणून लिहिलेलं वाक्य. लीजहोल्ड फ्लॅट विकायचा म्हणजे मॅनेजिंग एजंटकडून, म्हणजे इमारतीची देखभाल बघणाऱ्यांकडून, मॅनेजमेंट पॅक आणावा लागतो: सर्व्हिस चार्जचे हिशेब, विमा, होऊ घातलेल्या दुरुस्त्या, इमारतीच्या सुरक्षिततेचे कागद. तो यायला दोन महिने लागले. तुमचा त्यात काही दोष नव्हता. पण चेनच्या खालच्या टोकाला असलेल्या, तुमचा फ्लॅट घेणाऱ्या त्या जोडप्याला मार्च-एप्रिलमध्ये काय वाटलं असेल? भाड्याच्या घरात बसून तीही दोघं म्हणाली असतील की फ्लॅटवाल्यांना कसलीच घाई दिसत नाही. त्यांना तुम्ही यातलं काही कळवलंत का? कारण या चेनमध्ये सर्वांत सहज उठून जाऊ शकणारी माणसं तीच आहेत. त्यांना काही विकायचं नाही. दुसरा फ्लॅट आवडला की निघाली. तुम्ही सहा महिने वरच्या टोकाकडे बघताय, धोका मात्र खालच्या टोकाला आहे.

म्हणून पहिलं काम: उद्याच्या उद्या तुमचा फ्लॅट विकणाऱ्या एजंटला सांगा की त्या जोडप्याला खरी परिस्थिती कळवा. प्रोबेट अडलंय, आम्ही मागे हटणार नाही, दर पंधरा दिवसांनी कळवत राहू. त्यांची मॉर्गेज ऑफर कधी संपते तेही विचारून घ्या. कित्येक चेन कागदासाठी तुटत नाहीत, आठ आठवडे कोणी काहीच बोललं नाही म्हणून तुटतात.

दुसरं, रोजचा फोन बंद करा. ‘काही अपडेट?’ असं विचारलं की ‘आम्ही पाठपुरावा करतोय’ हेच उत्तर येणार, आणि ते उत्तर चोवीस तासांत बदलत नसतं. आठवड्यातून एकच मेल करा, वार ठरवून. समजा मंगळवार. सॉलिसिटर, म्हणजे आपला वकील, फक्त समोरच्या सॉलिसिटरशी बोलतो, चेनच्या वरच्या टोकापर्यंत फोन फिरवू शकतो तो एजंट किंवा त्याच्याकडचा सेल्स प्रोग्रेसर (विक्रीचा पाठपुरावा करणारा माणूस). तेव्हा मेल दोघांना, पण प्रश्न वेगवेगळे. एजंटला असं काहीसं लिहा:

‘बंगलोच्या प्रोबेटचा अर्ज कोणत्या तारखेला गेला? रजिस्ट्रीने काही शंका काढल्या आहेत का, आणि त्यांना उत्तर गेलं का? प्रोबेट सोडून त्या व्यवहारात आणखी काय बाकी आहे? प्रोबेट आलं त्या दिवसापासून किती दिवसांत सगळे एक्सचेंजला तयार असतील?’

सॉलिसिटरला एवढंच: ‘आमच्या बाजूने आज काय बाकी आहे? एन्क्वायरीजपैकी (घराबद्दल वकिलांनी विचारलेल्या प्रश्नांपैकी) कोणत्या उघड्या आहेत, आणि त्यांचं उत्तर कोणाकडून यायचंय?’

शेवटचा प्रश्न विचारायला संकोचू नका. लोक वर बोट दाखवत बसतात आणि प्रोबेट आल्यावर कळतं की आपल्याच घराच्या एक्स्टेंशनचं बिल्डिंग रेग्युलेशनचं प्रमाणपत्र कोणी मागितलेलंच नाही. अडकलेला वेळ बाकीची सगळी उत्तरं गोळा करायला वापरला, तर प्रोबेट आल्यावर पुढचं काम दोन-तीन आठवड्यांतही उरकू शकतं.

तिसरं, मुदत संपणाऱ्या कागदांची यादी करा. मॉर्गेज ऑफर बहुधा तीन ते सहा महिन्यांची असते. तुमची ऑगस्टअखेर संपते, तर ब्रोकरला आत्ताच, जुलैच्या पहिल्या पंधरवड्यातच विचारा: मुदत वाढते का, वाढवताना पगाराच्या स्लिपा नव्याने लागतील का, आणि नाहीच वाढली तर आजच्या दराने हप्ता किती बसेल. दर खाली आले असतील तर नवी ऑफर स्वस्तही पडू शकते. मात्र तोवर नोकरी बदलणं, गाडी हप्त्यावर घेणं, क्रेडिट कार्डावर नवं सोफासेट उचलणं, हे काही करू नका. दुसरा कागद लोक विसरतात तो सर्चेसचा. कौन्सिल, पाणी-ड्रेनेज, पर्यावरण हे शोध सहा महिन्यांपेक्षा जुने झाले की बहुतेक बँका ते धरत नाहीत. तुमचे फेब्रुवारीत झाले असतील तर ऑगस्टमध्ये शिळे. पुन्हा करायचे की त्याऐवजी विमा चालेल हे सॉलिसिटर बँकेला विचारून सांगेल. पण विचारायचं तुम्ही, नाहीतर हे एक्सचेंजच्या आदल्या दिवशी निघतं.

एवढं झालं की गाठी सोडवायला घ्या. शाळेची सर्वांत सोपी आहे, जरी तुम्हाला तीच सर्वांत अवघड वाटत असली. रिसेप्शनचा (इथल्या शाळेच्या सुरुवातीच्या वर्गाचा) अर्ज १५ जानेवारीपर्यंत भरायचा होता, तो तुम्ही फ्लॅटच्या पत्त्यावरून भरलात आणि १६ एप्रिलला तिथली जागा मिळाली. ती जागा सोडू नका. नव्या गावातलं कौन्सिल पत्ता बदलल्याचा पुरावा म्हणून बहुधा एक्सचेंज झालेला करार मान्य करतं. तो हातात आला की अर्ज करा आणि वेटिंग लिस्टला नाव लावा. सुरुवातीच्या वर्गांना ३० मुलांची कायद्याची मर्यादा आहे, म्हणून लगेच जागा मिळेलच असं नाही, पण शाळांना ही यादी निदान ३१ डिसेंबरपर्यंत चालू ठेवावीच लागते आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात मुलं इकडची तिकडे होतातच. मुलगी फेब्रुवारीत पाच पूर्ण करेल, म्हणजे कायद्याने तिची शाळा सक्तीची होते ती पुढच्या ईस्टरनंतरच्या सत्रात. तिने एक-दोन सत्रं जुन्या शाळेत काढली तर काहीही बिघडत नाही. चार वर्षांच्या मुलांना नवी बाई आणि नवा डबा पुरतो. तिथले कॅचमेंटचे (शाळेच्या प्रवेशहद्दीचे) नकाशे आपल्यालाच रात्री जागवतात.

वास्तुशांतीची गाठ नाजूक आहे. सासूबाईंशी योग-अयोगावर वाद घालू नका, तुम्ही जिंकलात तरी हराल. त्यांना काळजी वाटतेय आणि ती त्यांच्या भाषेत बोलतेय. त्यांना वस्तुस्थिती सांगा: ज्या बंगलोमुळे सगळं अडलंय त्याचा मालक वारलाय, त्याच्या मुलाबाळांचे कागद व्हायचेत. नाशिकमधल्या कुठल्याही ज्येष्ठ बाईला वारसाहक्काचे कागद अडकणं म्हणजे काय हे तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त कळतं. ‘योग नाही’चं ‘अगं, त्यांचंही बिचाऱ्यांचं व्हायला हवं’ व्हायला वेळ लागणार नाही. चाव्या चातुर्मासात मिळाल्या तर उंबरठ्यावर कलश ठेवून, दूध उतू घालून राहायला जायचं आणि वास्तुशांत तुळशीच्या लग्नानंतर करायची, असं कितीतरी घरांत करतात. तुमच्या घरात काय चालतं ते सासूबाईंनी गुरुजींना विचारून ठरवावं. तो निर्णय त्यांच्याकडे सोपवा, त्यांना ते आवडेल.

तिकिटं रद्द करण्याची काही गरज नाही. जुलै-ऑगस्ट हा इथला त्यातल्या त्यात माणसात असलेल्या हवामानाचा काळ. त्यांना फ्लॅटमध्येच येऊ द्या, नातीबरोबर राहू द्या. व्हिजिटर व्हिसावर एका खेपेला सहा महिन्यांपर्यंत राहता येतं, म्हणजे मनात असेल आणि परतीचं तिकीट बदलता येत असेल तर नोव्हेंबरच्या उत्तरार्धातली वास्तुशांतही गाठता येईल. पण पाच माणसं दोन बेडरूममध्ये चार महिने राहणार असतील तर हॉल मोकळा हवा. खोकी उघडा. निदान कुकर, परातीसारख्या रोजच्या वस्तू आणि मुलीची पुस्तकं तरी बाहेर काढा. बाकीची खोकी एखाद्या सेल्फ स्टोरेजमध्ये टाका, महिन्याचं भाडं पडेल ते पडू दे. गेले दोन महिने तुम्ही स्टेशनच्या फलाटावर बसल्यासारखे राहताय आणि त्यातच रोज रात्रीचं भांडण होतंय, हा केवळ योगायोग नसावा.

आता पर्याय. यजमान म्हणतात बिल्डरचं नवं घर. त्याला वरची चेन नसते हे खरं. पण बहुतेक बिल्डर बुकिंग घेतल्यावर चारेक आठवड्यांत एक्सचेंज मागतात, आणि घर बांधून पुरं व्हायचं असेल तर ताब्याची तारीख पुढे सरकू शकते. तुमचा फ्लॅट तर विकावाच लागणार, म्हणजे खालची चेन तशीच. शिवाय आत्तापर्यंतचा सर्व्हे, सर्चेस, वकिलाचं बिल पाण्यात. केवळ गेलेले पैसे वसूल व्हावेत म्हणून कोणतंही घर घेऊ नये, पण सहा महिने मागे जाऊन पुन्हा रांगेत उभं राहायची किंमत तरी मोजावी. यजमानांना नवं घर खरोखर आवडलंय, की त्यांना फक्त हे सगळं थांबायला हवंय? हे तुम्ही त्यांना भांडणात नाही, एखाद्या शनिवारी सकाळी विचारा.

चेन तोडणं हा दुसरा पर्याय, आणि तो दोन जागी तुटू शकतो. आजी काही महिने मुलाकडे किंवा भाड्याने राहायला तयार असतील तर तुमचा व्यवहार बंगलोची वाट न बघता होऊ शकतो. विचारायला हरकत नाही. एजंटमार्फत, मवाळपणे, आणि त्यांच्या सामान ठेवण्याच्या खर्चातला वाटा उचलायची तयारी दाखवून. पण त्या वयात दोनदा घर हलवायला नाही म्हणाल्या तर विषय तिथेच सोडा. पडद्यांची मापं घ्यायच्या निमित्ताने एकदा घर पुन्हा बघायला जा, मुलीला घेऊन. आजी चहा विचारतील. तिथे तारखेचा विषय काढू नका. ज्या माणसाशी आपण चहा प्यायलोय त्याला मधल्या मधे सोडून जाणं दोन्हीकडच्यांना जड जातं, आणि बंधनकारक काहीच नसलेल्या या महिन्यांत त्याची किंमत मोठी असते.

नाहीतर तुम्ही स्वतःच चेन तोडा: फ्लॅट त्या जोडप्याला विकून टाका आणि भाड्याने राहा. गिऱ्हाईक हातचं जात नाही, आणि तुम्ही रोख पैसे हाताशी असलेले, विकायचं काही नसलेले खरेदीदार होता. हे सेमी नाही जमलं तर पुढच्या घराला तुमचं पारडं जड. पूर्वी याला अडचण अशी होती की भाडेकरार सहा महिने-वर्षाचा करावा लागे. १ मे २०२६ पासून इंग्लंडमध्ये खासगी भाड्याच्या घरांचे ठरावीक मुदतीचे करार बंद झालेत. भाडेकरू दोन महिन्यांची नोटीस देऊन निघू शकतो. तरी दोनदा ट्रक, दोनदा पत्ता बदलणं, मॉर्गेजची फेरजुळणी आणि सासू-सासरे घरात असताना हलवाहलव, हे सगळं आहेच. हा पर्याय मी ऑक्टोबरसाठी राखून ठेवीन, तोही ते जोडपं निघायच्या बेतात असेल तर. फ्लॅट न विकता ब्रिजिंग लोन (जुनं घर विकेपर्यंतचं तात्पुरतं कर्ज) काढून घर घ्यावं असं कोणी सुचवलं तर ऐकून घ्या आणि सोडून द्या. व्याज महिन्याच्या हिशेबाने चढतं, आणि दोन घरं एकदम नावावर आली की स्टँप ड्यूटीवर ५ टक्क्यांचा जादा भार बसतो. तीन वर्षांत जुनं घर विकलं तर तो परत मिळतो, पण आधी खिशातून भरावाच लागतो.

याच ओघात, ज्यांच्या नावावर पुण्या-नाशकात फ्लॅट आहे अशा वाचकांसाठी: हा जादा भार ठरवताना जगात कुठेही असलेलं घर मोजतात, आणि नवरा-बायकोचं मिळून मोजतात. राहतं घर विकून त्याच्या जागी दुसरं घेत असाल तर तो लागत नाही, मग तिकडचा फ्लॅट असला तरी. राहतं घर विकल्यापासून तीन वर्षांत नवं घेतलं तरी चालतं, म्हणजे मधे भाड्याने राहिल्याने हा फायदा जात नाही. इथे पहिलंच घर घेणाऱ्यांना मात्र तिकडचा फ्लॅट नडतो. कुठेही घर असलं की पहिल्या घराची सवलत गेली. आणि वडील नाशिकहून पैसे पाठवणार असतील तर ते काम ऑफरच्याही आधी सुरू करा. सॉलिसिटर आणि बँक दोघंही पैशाचा उगम विचारतात: मोडलेल्या एफडीची पावती, वडिलांच्या खात्याचा उतारा, त्यांचं ओळखपत्र, आणि ही भेट आहे, कर्ज नाही, असं सही केलेलं पत्र. भारतातून एका माणसाला एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत पाठवता येतात, पण १० लाख रुपयांच्या वरच्या रकमेवर बँक २० टक्के टीसीएस (आगाऊ कर) कापून घेते. तो रिटर्न भरताना जमेस धरला जातो, तरी तेवढी रोकड त्या वेळी हाताशी लागते. चेनमधला उशीर अशा वाचकांकडूनही होतो आणि त्यांना पत्ता नसतो.

तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर: आज सोडू नका. पण ‘बघू’ म्हणून अनंतकाळ थांबूही नका. दोघांनी बसून एक कागद लिहा. प्रोबेट ३० सप्टेंबरपर्यंत आलं नाही आणि रजिस्ट्रीकडून काही हालचालही नाही, तर दुसरी घरं बघायला सुरुवात करायची, आजींना तसं सांगून. मॉर्गेजची मुदत वाढली नाही आणि नवा हप्ता अमुक पौंडांच्या वर गेला, तर सोडायचं. तो आकडा आजच लिहा, ऑक्टोबरात वैतागलेलं डोकं वेगळा आकडा लिहील. खालचं जोडपं निघालं, तर फ्लॅट पुन्हा बाजारात, आणि आजी किती थांबतात ते विचारायचं. बाकी कशासाठीही सोडायचं नाही, म्हणजे रात्री त्यावर बोलायचंही नाही. मंगळवारचं मेल एकाने लिहायचं, दुसऱ्याने नुसतं वाचायचं. रोज एजंटला फोन तुम्ही करत होतात, म्हणून मेल यजमानांकडे द्या. सोडायचं म्हणणाऱ्या माणसाला नेमकं काय अडलंय हे स्वतः कळलं, तर त्याचं मत एकतर बदलतं किंवा पक्कं होतं. दोन्ही चालेल.

आणि सगळं जुळून आलं तर घाईत दोन गोष्टी राहू देऊ नका. एक्सचेंज होईपर्यंत ट्रकवाल्याला पैसे भरू नका, फक्त तारीख विचारून ठेवा. एक्सचेंजच्या दिवसापासून नव्या घराचा इमारत विमा मात्र तुमच्या नावाने सुरू करा, चाव्या मिळायच्या असल्या तरी. कंप्लीशनचा वार निवडायची वेळ आली की जवळपास सगळे शुक्रवार मागतात, पुढे शनिवार-रविवार सामान लावायला मिळतो म्हणून. तुम्ही मंगळवार-बुधवार मागा. चेनमधल्या कोणाचे पैसे शुक्रवारी दुपारी बँकेत अडकले, तर थेट सोमवार उजाडतो, आणि तोवर सामान ट्रकमध्ये आणि तुम्ही पाच जण हॉटेलात.